तलाव गावाच्या हाती

भाऊबीज आली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. आज या गावात, उद्या त्या गावात. लेकी-जावई येतात, दंडार रंगते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. हलके धान तोवर कापून झालेले असते, भारी धान लोंबीवर उभे असते आणि मोठ्या पाहुणचारानंतर शेतकरी पुन्हा बांधीत उतरतो. वर्षभराच्या कष्टांचा हिशेब याच दिवसांत लागतो. पण नेमक्या याच दिवसांत पाऊस परत येऊ लागला आहे. कापून बांधीत पसरलेल्या कडपा भिजतात, धानाला कोंब फुटतात आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याचे कारण पुढे येते. जून-जुलैत उलट परिस्थिती असते. पऱ्हे तयार होऊन रोवणीची वाट पाहत राहतात आणि आभाळ कोरडे असते.

जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा हेवा वाटावा असा. गोंदियाची अडचण पावसाच्या बेरजेत नाही, त्याच्या वाटणीत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या. मध्य भारतातील मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटत होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या नदीकाठांना याचा अर्थ समजावून दिला. उभे धान चिखलाखाली गेले. असा पाऊस चार दिवसांत नदीला वाहून जातो आणि ऑक्टोबरात लोंबी भरताना एका पाण्यासाठी धान सुकते.

पडेल तेव्हा पाणी अडवायचे, लागेल तेव्हा सोडायचे, हे काम करणारी व्यवस्था या भागात काही शतकांपूर्वीच उभी राहिली होती. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने पूर्व विदर्भात तलाव बांधले. १९०८ च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरनेही कोहळ्यांच्या या कौशल्याची दखल घेतली आहे. असे माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक भरतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. डोंगरांच्या मधली खिंड मातीच्या पाळीने अडवून हा विस्तीर्ण तलाव साकारला आणि लोकपरंपरा त्याचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देते.

या रचनेचे खरे बळ एकेका तलावात नव्हते, साखळीत होते. जंगलाकडच्या उंच भागातला तलाव भरला की सलंगेवरून सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, आणि बोडीतून बांधीत जाई. तुडूम उघडून पाटाला पाणी सोडायचे, ते कोणाच्या शेतात आधी न्यायचे, हे गावात ठरलेले असे. पुराचा जोर पायरीपायरीने कमी होई आणि विहिरींची पातळी टिकून राही. मासे, शिंगाडे, कमळकंद, गुरांचे पाणी हे सगळे तलावाच्या पोटातूनच मिळे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली. ती संपणे आवश्यकच होते. त्या व्यवस्थेत वेठबिगार होती, जातीची उतरंड होती, आणि तलावांचे गोडवे गाताना ती विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र मालगुजाराकडून तलाव सरकारकडे गेले, गावाकडे आले नाहीत. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी विभागणी झाली. पाळ दुरुस्त करायची तर अर्ज, तुडूम गळते तर अर्ज. पोटात अतिक्रमणे झाली, जंगल विरळ झाल्याने वरून गाळ उतरला, काठावर बेशरम ही झुडपी वनस्पती माजली. मासेमारीचा ठेका आणि सिंचन यांचा मेळ घालणारे कोणी उरले नाही.

गेल्या काही वर्षांत शासनाचे लक्ष पुन्हा इकडे वळले. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये आली, मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाची कामे निघाली. हे स्वागतार्ह आहे आणि गाळ काढायलाच हवा. प्रश्न आहे तो तलावाला मातीचा खड्डा समजण्याचा. यंत्राने सगळे पोट सारख्या खोलीपर्यंत खरवडले की साठा वाढतो, पण काठाचा उथळ भाग नष्ट होतो. पाणवनस्पती तिथेच उगवतात, मासे अंडी तिथे घालतात, पक्षी तिथे चरतात. खोल, रिकाम्या पाण्यात गावाला आकडा मिळतो, मासा मिळत नाही.

हे सगळ्यांत आधी ओळखले ते मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने दीड दशकाहून अधिक काळ ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांसोबत आणि महिला बचत गटांसोबत जे काम केले आहे, त्याचा पाया ढिवरांचे हेच ज्ञान आहे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीला अंडी चिकटवतो, कोणती वनस्पती किती पाण्यात तगते, हे म्हाताऱ्या ढिवरांना ठाऊक होते. मंडळाने ते नोंदवले, शास्त्रीय नावांशी जुळवले आणि मग तलावात उतरवले.

पद्धत साधी आणि कष्टाची आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटायची. उघड्या पडलेल्या पोटाचा काही भाग नांगरायचा, म्हणजे पावसाळ्यात मऊ मातीत मुळे धरतात. शेजारच्या ज्या तलावात स्थानिक वनस्पती अजून टिकून आहेत, तिथून रोपे आणायची. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या पाण्याखाली वाढणाऱ्या, पाणकमळांसारख्या पानांनी तरंगणाऱ्या आणि काठाच्या उथळ पाण्यात उभ्या राहणाऱ्या, अशा तिन्ही थरांच्या वनस्पती लावायच्या. वनस्पती फस्त करणारे किंवा तळ ढवळणारे बाहेरचे मासे सोडायचे नाहीत. पुढे गुरे आणि जाळी काही काळ त्या भागापासून दूर ठेवायची. चिखलात उतरून ही लावणी करणाऱ्यांत ढिवर समाजातील बाया पुढे होत्या. ज्यांना मासेमारीच्या संस्थेत पूर्वी जागा नव्हती, त्या आता तलावाच्या निर्णयांबद्दल ग्रामसभेत बोलतात. जिथे हे काम झाले, तिथे हरवत चाललेले स्थानिक मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ वाढली.

पक्ष्यांचा विषय निघाला की सारसाचे नाव घ्यावेच लागते. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातला सर्वांत उंच असलेला हा क्रौंच महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि त्याची संख्या काही डझनांपलीकडे नाही. तो तलावाच्या उथळ काठावर चरतो आणि अनेकदा घरटे थेट धानाच्या बांधीत करतो. त्यामुळे त्याचे भवितव्य अभयारण्याइतकेच शेतकऱ्याच्या हातात आहे. सावन बहेकर यांच्या पुढाकाराने गोंदियाच्या सेवा संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सारसांची गणना करतात आणि घरटे असलेल्या शेताच्या मालकाला राखणदार बनवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. कीटकनाशके आणि उघड्या वीजतारा हे सारसाचे दोन मोठे शत्रू आहेत. या दोन्हींपासून शेतकऱ्याचे घरही सुरक्षित नाही.

तलावाखालच्या शेतीतही बदल व्हावे लागतील. पाणी भरलेल्या बांधीतून मिथेन निघतो आणि तापमानवाढीत तोही भर घालतो. कालव्यावरच्या उन्हाळी धानात बांधी सतत तुंबवून ठेवण्याऐवजी पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यावे, मग पुन्हा द्यावे, फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नये. या पद्धतीने मिथेन ३० ते ५० टक्क्यांनी घटल्याचे अनेक देशांतील प्रयोग सांगतात आणि पाणीही वाचते. खरिपात पाऊसच मालक असतो, तिथे इतके नियंत्रण शक्य नाही. तिथे श्री पद्धतीची ८ ते १२ दिवसांची कोवळी रोपे आणि मोकळी लागवड, डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील गिरिपुष्पाचा पाला आणि धानाच्या अवशेषांचा पुनर्वापर कामी येतो. धुऱ्यावर तूर घेण्याची इथली जुनी रीत आहे. तिच्या जोडीला धुऱ्यावर गिरिपुष्प लावले तर खत शेताच्या कडेलाच उगवते.

उन्हाळी धानाचा मात्र मुळातून विचार करावा लागेल. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटले. ज्या पिकाला सर्वाधिक पाणी लागते, त्यालाच वाढत्या उष्णतेचा सर्वाधिक फटका बसणार असेल, तर काही क्षेत्रावर लाखोळी, हरभरा, जवस यांना जागा द्यावी लागेल. पण सरकारी खरेदीची खात्री आणि बोनस फक्त धानालाच मिळत राहिला, तर शेतकऱ्याला पीकबदलाचा सल्ला देण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. कडधान्याची खरेदी तितक्याच भरवशाने गावाजवळ झाली पाहिजे. बियाण्याबाबत तर शेतकऱ्यांच्या निरीक्षणाला कमी लेखूच नये. १९८३ मध्ये नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडल्या, त्यांतून पुढे एचएमटी वाण तयार केले आणि ते देशभर पसरले.

तलावाचे आयुष्य वरच्या जंगलावर अवलंबून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देवरी तालुक्यातील ग्रामसभांनी सामूहिक हक्क मिळवले, महासंघ उभारला आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. ज्या गावाला जंगलाचे उत्पन्न मिळते, ते गाव वणवा विझवायला धावते. याच कायद्यात पाणवठ्यांतील मासे आणि इतर उपजांवरील सामूहिक हक्कही मान्य आहेत. वनालगतच्या तलावांसाठी त्याचा वापर अजून फारच थोडा झाला आहे.

एवढे करूनही जगाचे तापमान गोंदियात थांबणार नाही. तिरोड्यात ३,३०० मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प उभा आहे आणि ऊर्जेचे मोठे निर्णय दिल्ली-मुंबईत होतात. तरीही पुढचा मुसळधार पाऊस आणि पुढचा खंड झेलायचा आहे तो इथल्याच बांधीत, आणि त्याची तयारी गावाच्या आवाक्यातली आहे.

म्हणून या दिवाळी अंकाची वाचकांकडे एक मागणी आहे. मंडईच्या निमित्ताने सगळे गाव एकत्र येते, परगावी कामाला गेलेली पोरे घरी असतात. त्या दिवसांत आपल्या तलावाच्या पाळीवरून एक फेरी मारावी. सलंग मोकळी आहे का, तुडूम कुठे गळते, अतिक्रमण किती आत आले, कोणते मासे दिसेनासे झाले, याची यादी ढिवर, शेतकरी आणि बचत गटाच्या बायांनी एकत्र बसून करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती मांडावी. गाळ कुठला काढायचा, काठाचा उथळ पट्टा कुठला राखायचा, बेशरम उपटण्याचे काम रोजगार हमीत कसे बसवायचे, हे ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे आणि उन्हाळ्याआधी तो ठराव जिल्हा परिषदेच्या टेबलावर पोहोचवावा.