काहीही न बदलता सेव्ह केले तर?

एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीचे काम आमच्याकडे होते. तिथल्या लिपिक बाईंनी एके दिवशी विचारले, “यांची जन्मतारीख ३० मे कशी काय?” शंका यायला कारण होते. गावाकडच्या जुन्या सभासदांच्या जन्मतारखा बहुतेक १ जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेल्या. त्या रांगेत ३० मे खुपली. या सभासदाने दोनदा पत्ता बदलून घेतला होता, एवढेच.

चूक आमची होती. डेटाबेसमध्ये नुसती तारीख होती, वेळ नव्हती. आमच्या कोडने तिची भारतीय वेळेतली मध्यरात्र केली आणि फॉर्मच्या फील्डमध्ये भरताना जावास्क्रिप्टच्या टूआयएसओस्ट्रिंगमधून काढली. हे फंक्शन यूटीसी वेळ देते, म्हणजे साडेपाच तास मागची. १ जूनची मध्यरात्र तिथे ३१ मेच्या संध्याकाळचे साडेसहा. तारखेची पहिली दहा अक्षरे कापून घेतली आणि पत्ता बदलून फॉर्म सेव्ह केला की एक दिवस गेला. पुढच्या वेळी फॉर्म उघडून सेव्ह केला की आणखी एक.

अहवालात हीच चूक झाली असती तर कागद चुकला असता, नोंद शाबूत राहिली असती. फॉर्मचे तसे नाही. फील्डमध्ये जे दाखवाल तेच परत येऊन डेटाबेसात बसते. ‘नुसते दाखवायचे तर आहे’ असे फॉर्मबद्दल कोणी म्हणाले की आम्हाला धास्ती वाटते.

रकमेचेच घ्या. नंबर फील्डला १,२५,००० अशी स्वल्पविरामासह किंमत दिली तर ब्राउझर ती घेत नाही, फील्ड कोरे राहते आणि कोरेच सेव्ह होते. मराठी लोकेल लावून देवनागरी आकडे दिले तरी तेच. स्वल्पविराम हवेतच, त्यांच्याशिवाय लाख-कोटी वाचवत नाहीत. पण ते फील्डशेजारी दाखवा, किंवा साधे टेक्स्ट फील्ड घेऊन सर्व्हरवर ते काढून टाका. डेट फील्डलाही आतून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम लागतो. पडद्यावर काय आधी दिसेल ते ब्राउझर बघतो.

वसई-गोव्याकडच्या डिसोझा, डिमेलो या आडनावांत इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी येते. व्हॅल्यू एकेरी अवतरणात असेल आणि एस्केप केलेली नसेल, तर फील्डमध्ये नुसते ‘डी’ हे अक्षर उरते. मग कोणी घाईने एस्केप केलेलेच नाव साठवतो, दाखवताना ते पुन्हा एस्केप होते आणि माणसाला स्वतःच्या नावात अँपरसँड दिसतो. साठवा मूळ नाव. एस्केप दाखवताना करा, एकदाच.

आता आमच्याकडे प्रत्येक फॉर्म देण्याआधी एक टेस्ट होते: उघडायचा, कशालाही हात न लावता सेव्ह करायचा, आधीची आणि नंतरची नोंद ताडून पाहायची.

पतसंस्थेच्या तारखा मात्र सूत्राने सुधारता आल्या नाहीत. कुणाचा फॉर्म किती वेळा सेव्ह झाला, हे कुठेच लिहिलेले नव्हते. कपाटातले मूळ अर्ज आणि शाळेचे दाखले काढून लिपिक बाईंनी एकेक तारीख वाचली, आम्ही ती पुन्हा भरली.