चर्चासत्राला जाताना घर बरोबर न्यावे

"सर चर्चासत्राला गेलेत की सहलीला?" हा प्रश्न आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दरवर्षी हिवाळ्यात हमखास ऐकू येतो. विचारणारा हसतो, ऐकणारेही हसतात. आणि पुढच्या आठवड्यात सरांचे चिरंजीव परगावची नवी टोपी घालून बाजारात दिसले की या हसण्याला पुरावाही मिळतो. या थट्टेत थोडे तथ्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यात अन्यायही पुष्कळ आहे आणि तो नेमका कोणावर होतो, याचा विचार हसणाऱ्यांनी कधी केलेला दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वास्तविक पाहता सभा आणि देशाटन यांची फारकत ही आपल्याकडची रीतच नव्हे. आपल्या जुन्या कवींनी या दोन गोष्टी एकाच आर्येत शेजारी शेजारी बसवल्या आहेत आणि ती आर्या आपण सर्वांनी शाळेत घोकली आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेला माणूस घोडा किंवा बैल घ्यायला जातो. व्यवहार झाला की बायकामुलांसह खंडोबाचे दर्शन घेतो, मुलांना पाळण्यात बसवतो आणि घरी येतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू बाजाराला गेला होतास की जत्रेला? परदेशातले उदाहरण हवे असेल तर १८९३ सालची शिकागोची सर्वधर्म परिषद घ्यावी. स्वामी विवेकानंद जिथे बोलले ती ही परिषद कोलंबसाच्या सफरीच्या चारशे वर्षांनिमित्त भरलेल्या प्रचंड जागतिक प्रदर्शनाला जोडूनच भरली होती. श्रोते व्याख्याने ऐकत आणि प्रदर्शनही पाहत. त्यामुळे व्याख्यानांची किंमत कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

आपल्या मराठी साहित्य संमेलनाचेच पाहा. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे संमेलन पंजाबातील घुमान येथे झाले. संत नामदेवांची ती कर्मभूमी. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. महाराष्ट्रातून खास रेल्वेगाड्या सोडल्या गेल्या आणि माणसे सहकुटुंब गेली. अमृतसर एवढे जवळ आलेले असताना सुवर्णमंदिर न पाहता परत येणारा मराठी माणूस मला तरी रसिक वाटणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे संमेलन दिल्लीत भरले, तेव्हाही पुण्याहून खास गाडी गेली. त्या गाडीतला प्रत्येक जण केवळ परिसंवाद ऐकायला निघाला होता, असे कोण म्हणेल? आणि का म्हणावे?

आता आपल्या घरची गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये ९३वे संमेलन आपल्या या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि नगरीला नाव दिले होते संत गोरोबाकाकांचे. मी तेव्हा आठवीत होते. शाळेने आम्हाला एक दिवस नेले होते. मंडपात काय चालले होते ते फारसे कळले नाही, हे खरे. पण पाहुणे काय विचारतात ते मात्र नीट कळले. "तुळजापूरची गाडी कुठून मिळते?" "तेरला जाऊन संध्याकाळच्या कार्यक्रमाला परत येता येईल का?" "नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला किती वेळ लागेल?" विदर्भातून आलेल्या एक बाई नवरा आणि दोन मुलींसह पुस्तकांच्या गाळ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, "बाळा, तू तेरची का गं?" मी म्हटले, "नाही, कळंबकडची." तर त्या म्हणाल्या, "मग तुला तेर माहीत असेलच!"

त्या चौघांना आमच्या तेरची जेवढी ओढ होती, तेवढी आमच्या वर्गात कोणालाही नव्हती. पुढे मी तेर पाहिले, वाचले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस नावाच्या प्रवासग्रंथात जे तगर नगर येते, पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरचे, तेच हे तेर. इथले कापड भडोचच्या बंदरात जात असे. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती थेट इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. लामतुरे संग्रहालयात हे सारे मांडून ठेवले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी माणसे कामासाठी इथे येत होती, येताना वस्तू आणि गोष्टी आणत होती आणि इथल्या घेऊन जात होती. नळदुर्गला १८५३ नंतर काही वर्षे मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नोकरीच्या कामाने राहिला. तो केवळ कचेरीत बसून राहिला असता तर त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गचे नाव फार तर एका ओळीत आले असते. तो भोवताल पाहत हिंडला, म्हणून आपल्याला त्या काळचे नळदुर्ग वाचायला मिळते. असो. सांगायचे ते एवढेच की, परगावच्या माणसाने आपले गाव पाहावे असे आपल्याला वाटत असेल, तर आपल्या सरांनी परगाव पाहिले म्हणून हसणे शोभत नाही.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढे आहे.

ते संमेलन भरले तेव्हा माझी आई तिथे नव्हती. मी आजीजवळ गावी होते आणि आई-वडील कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या फडात होते. जानेवारी म्हणजे हंगाम ऐन भरात. आईने असे आठ हंगाम कोल्हापूरकडे ऊस तोडला. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये संसार भरायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. कामासाठी सहकुटुंब प्रवास कशाला म्हणतात, हे पाहायचे असेल तर लांब जायला नको. कळंब, भूम, वाशी या आपल्याच तालुक्यांत दिवाळीनंतर कोणत्याही रात्री फाट्यावर उभे राहावे. नवरा, बायको, तान्हे मूल, शेळी, पत्र्याची पेटी, सगळे बरोबर असते. बरोबर नसते ती फक्त बघण्याची फुरसत. दोन वर्षांपूर्वी मी आईला सहज विचारले, "आई, अंबाबाईचं देऊळ केवढं आहे गं?" ती म्हणाली, "मला काय ठावं? फड बघितला, कारखान्याची चिमणी बघितली. पन्हाळा दिसायचा लांबून. दिस उगवायच्या आत फडात जायचं, रातच्याला गाडी भरायची. देवळाला कवा जावं?"

आठ हंगाम! चार-चार, पाच-पाच महिने त्या जिल्ह्यात राहून तिने त्या जिल्ह्यातले काहीच पाहिले नाही. आमच्यासारख्या घरांत प्रवास कमी होतो असे लोक समजतात, ते चूक आहे. प्रवास भरपूर होतो. पण तो पाहण्यासाठी कधीच होत नाही आणि देवाचे निमित्त सोडले तर आमच्या बायका नुसत्या पाहण्यासाठी घराबाहेर पडतच नाहीत.

म्हणून आता त्या टोपीवाल्या थट्टेकडे वळते. आपल्याच एका सरांची आई खडी फोडायला जात असे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ते सर म्हैसूरच्या चर्चासत्राला गेले, तेव्हा पत्नी, मुलगा आणि ही म्हातारी आई अशा सर्वांना घेऊन गेले. तिने आयुष्यात प्रथमच आगगाडीत झोपून प्रवास केला आणि राजवाडा पाहिला. सरांनी निबंध वाचला, दोन्ही दिवस सभागृहात बसले, संध्याकाळी आईला हिंडवले. परत आल्यावर व्हरांड्यात थट्टा झाली ती यांचीच. जे एकटे जातात आणि पहिल्या सत्रानंतर प्रमाणपत्र खिशात घालून बाजारात जातात, त्यांचे नाव कोणी घेत नाही. कारण त्यांच्याबरोबर म्हातारी नसते, दिसायला काही नसते.

स्त्री-प्राध्यापकांच्या बाबतीत तर ही थट्टा अधिकच वाईट ठरते. पुरुष एकटा निघाला की तो अभ्यासू. बाईंनी मूल आणि मुलाला सांभाळायला सासूबाई बरोबर घेतल्या, की ती सहल! अहो, दोन वर्षांचे मूल घरी कोणाच्या भरवशावर टाकायचे? त्या बाईंच्या दृष्टीने कुटुंब बरोबर नेणे ही चर्चासत्राची मजा वाढवणारी गोष्ट नसून चर्चासत्राला जाता येण्याची अटच आहे. ही अट आपण हसण्यावारी नेली, तर निबंध लिहून घरी बसणाऱ्या बायकांची संख्या वाढेल, एवढेच होईल.

याबाबतीत शंभर वर्षांपूर्वीची माणसे आपल्यापेक्षा शहाणी होती, असे मला वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८७८ साली पुण्यात झालेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष. त्यानंतर शेतकरी कर्जनिवारण कायद्याच्या कामासाठी त्यांना पुणे, सातारा, नगर आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत सारखी फिरती असे. या फिरतीवर रमाबाई त्यांच्याबरोबर जात. काम न्यायमूर्तींचे, पगार सरकारचा, पण ते मुक्काम रमाबाईंनीही पाहिले. त्यांचे आठवणींचे पुस्तक १९१० साली आले. त्यात या फिरतीची वर्णने आहेत. ज्या मुलीने लग्न होईपर्यंत अक्षर गिरवले नव्हते, तिने पुढे पुण्यात सेवासदन उभे केले. ते केवळ प्रवासामुळे झाले असे मी म्हणणार नाही. नवऱ्याने शिकवले, त्यांनी जिद्दीने शिकून घेतले. पण घरात बसून ते झाले नसते, हे नक्की.

आता विरोधकांच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. चर्चासत्राच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात अध्यक्ष, निबंधवाचक आणि चहा देणारा मुलगा एवढेच उरतात, असे आपल्याच प्राध्यापकांकडून ऐकले आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी निबंधवाचनाला बढतीसाठी गुण लावले. पुढे नियम बदलले, पण प्रमाणपत्राची सवय काही गेली नाही. प्रवासभत्ता आणि कर्तव्यरजा हा सार्वजनिक पैसा आहे. तो फी भरणाऱ्यांचा आहे आणि माझ्या आईने काडेपेटीसारखे जे घेतले त्यावरच्या कराचाही आहे. तेव्हा हिशेब चोख हवा. भत्ता स्वतःपुरता, घरच्यांची तिकिटे स्वतःच्या खिशातून, जास्तीचे दिवस किरकोळ रजेतून आणि सहल सभा संपल्यावर. सभेच्या वेळात हिंडायला गेलेला माणूस एकटा असो की सहकुटुंब, दोषी सारखाच. त्यात बायकोमुलांचा काय संबंध?

आणखी एक अपेक्षा. आपण घर बरोबर नेतो आणि लॉजवर बसवून ठेवतो, हे मला पटत नाही. बीजभाषणाला त्यांना मागच्या खुर्च्यांवर का बसू देऊ नये? सर्व काही कळणार नाही, मुले कंटाळतील (मीही आठवीत कंटाळले होते). पण आपला मुलगा किंवा आपली सून चार लोकांसमोर उभी राहून काय बोलते, हे खडी फोडलेल्या आईने एकदा पाहायला काय हरकत आहे? साहित्य संमेलनाचा मंडप सर्वांना उघडा असतो; मग चर्चासत्राच्या दारावर घरच्यांना अडवण्याइतके गुपित त्यात काय असते? आपल्या महाविद्यालयात पुढचे चर्चासत्र होईल तेव्हा पाहुण्यांना निमंत्रण पाठवतानाच लिहावे की, घरच्यांनाही आणा. सकाळी त्यांना तेर आणि तुळजापूर दाखवायला आम्ही विद्यार्थी जाऊ. तेवढेच आमचेही तेर पाहून होईल.

आमच्या विभागाने यंदा द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना कोल्हापूरच्या एका चर्चासत्राला नेण्याचे ठरवले आहे. आईची कंबर गेल्यापासून ती फडावर जात नाही, घरीच असते. मी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज दिला आहे की, तिला आमच्याबरोबर येऊ द्यावे. राहण्याचा खर्च आम्ही करू. तिकिटाचा प्रश्नच नाही. मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धेच पडते.