मुक्या सोबत्यांचें पथ्यपाणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज कुत्रें किंवा मांजर आहे. मागच्या पिढीपर्यंत औरंगपुऱ्यांतील आणि गुलमंडीवरील वाड्यांतहि हीं जनावरें असत. परंतु त्यांची जागा ठरलेली असे. कुत्रें दिंडीदरवाजाशीं, मांजर कोठीच्या खोलींत. आज तीं सिडकोच्या सदनिकांत, बैठकीच्या खोलींत, क्वचित् धन्याच्या अंथरुणावरहि येऊन पोंचलीं आहेत. यांत वावगें कांहीं नाहीं. भूतदयेचा धडा मुलांना पुस्तकापेक्षां अशा सोबत्याकडून लवकर मिळतो. परंतु जनावर जसजसें घराच्या आंत आलें, तसतसा आपला एक समज दृढ होत गेला. जें आपल्याला मानवतें तें त्यालाहि मानवतें, असा तो समज होय. आपलें जेवण तेंच त्याचें जेवण, आपलें औषध तेंच त्याचें औषध, असें आपण धरून चालतों. पशुवैद्याकडे येणारीं कितीतरी दुखणीं दुर्लक्षामुळें नव्हे, तर या मायेच्या पोटीं ओढवलेलीं असतात. म्हणून या महिन्यांत त्याविषयींच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपल्या शहरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर पैठण आहे. तेथील एकनाथ महाराजांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गंगेची कावड घेऊन रामेश्वरास जात असतां वाटेंत तहानेनें तडफडणारें गाढव दिसलें, तेव्हां नाथांनीं तें गंगोदक त्याच्या मुखांत घातलें. हरिदास या कथेंतून भूतदया सांगतात, आणि ती खरीच आहे. परंतु तींत आणखीहि एक गोष्ट आहे. त्या जिवाला त्या घटकेस काय हवें होतें हें नाथांनीं पाहिलें. त्याला पाणी हवें होतें, म्हणून पाणी दिलें. त्याच्या कपाळीं गंध लावलें नाहीं, कीं प्रसादाचा पेढा भरविला नाहीं. आपण नेमका पेढाच भरवीत असतों.

प्रथम खाण्याचें पाहूं. कुत्रा हा मिश्र आहार घेणारा प्राणी आहे. भात, बिनतिखटाचें वरण, पोळी, दहीं, पनीर यांवर पशुवैद्याच्या सल्ल्यानें योग्य ती भर घालून त्याला शाकाहारी घरांतहि नीट वाढवितां येतें. अपाय होतो तो ताटांतील उरल्यासुरल्या पदार्थांनीं. कांदा आणि लसूण, मग तीं कच्चीं असोत, शिजलेलीं असोत कीं वाळवून केलेली पूड असो, कुत्र्यामांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. परिणाम त्याच दिवशीं दिसत नाहीं. दोनचार दिवसांनीं हिरड्या फिक्या पडतात, लघवी काळसर होते, आणि तोंवर आपण काय भरविलें होतें याचा विसर पडलेला असतो. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांनीं इतकेंच करावें, कीं या मुक्या प्राण्यांचा चातुर्मास बारा महिने पाळावा.

दुसरें विष आपल्या प्रसादांतच असतें. द्राक्षें, बेदाणे आणि मनुका यांनीं कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात. किती खाल्लें असतां बाधेल याचा नेम नाहीं. एकाला मूठभर पचतात, दुसरा थोडक्यांत दगावतो. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें याचें कारण असावें, अशा निष्कर्षापर्यंत संशोधक अलीकडे आले आहेत. हेंच आम्ल चिंचेंत विपुल असतें. तेव्हां सत्यनारायणाच्या शिऱ्यांतील बेदाणे आणि चिंचगुळाची आमटी, दोन्ही कुत्र्यापासून दूर ठेवावीं. चॉकलेटहि त्याला विषवत् आहे. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्यें झायलिटॉल नांवाचा गोड पदार्थ असतो. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर तासाभराच्या आंत एकाएकीं उतरते आणि झटके येऊं लागतात. असें कांहीं खाल्ल्याचें कळतांच किती खाल्लें आणि केव्हां खाल्लें हें टिपून, वेष्टण बरोबर घेऊन, तत्काळ पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करूं नये. त्यानें दुसराच अपाय होतो.

मांजराची गोष्ट याहून अवघड आहे, आणि शाकाहारी कुटुंबांनीं ती विशेष लक्ष देऊन वाचावी. "आमच्या आजीचें मांजर दूधभातावर बारा वर्षें जगलें," असें पुष्कळ जण सांगतात. वस्तुतः तें दूधभातावर जगलें नाहीं. दूधभात हें त्याचें वरचें खाणें होतें. कोठींतले उंदीर, माळ्यावरच्या पाली आणि परसांतल्या चिमण्या हें त्याचें खरें जेवण होतें. आजीला तें दिसत नसे, किंवा दिसलें तरी ती बोलत नसे. आजचें मांजर तिसऱ्या मजल्यावर बंद दाराआड राहतें. त्याला उंदीर मिळत नाहीं. केवळ दूध-पोळी मिळते.

मांजर हा निसर्गतःच मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याला आपल्या शरीरांत पुरेसें तयार करतां येत नाहीं. तें मांस आणि मासे यांतून मिळवावें लागतें. गाईच्या दुधांत तें नांवापुरतें असतें, आणि धान्यांत जवळजवळ नसतेंच. टॉरीन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजत जाऊन तें आंधळें होतें, हें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९७५ सालीं दाखविलें. आणि त्याच्याच अभावीं हृदय फुगून दुबळें होतें, हें १९८७ सालीं सिद्ध झालें. दोन्ही विकार महिनोन्‌महिने चोरपावलांनीं वाढतात. हृदयाचा विकार वेळींच ओळखला तर टॉरीन दिल्यानें पुष्कळदां सुधारतो. गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं.

यावर सोंवळ्या-ओंवळ्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याचा मार्ग असा आहे. घरांत मांस शिजविण्याची आवश्यकता नाहीं. मांजरासाठीं टॉरीन घातलेलें तयार कोरडें खाद्य पाकिटांतून मिळतें. त्याचा डबा, भांडें आणि जागा निराळी करावी, आणि तें स्वयंपाकघराबाहेर ठेवावें. पाण्याचें भांडें जवळच असावें. कारण कोरडें खाणाऱ्या मांजराला पाणी भरपूर लागतें. एवढेंहि ज्यांच्या मनाला रुचत नसेल, त्यांनीं मांजर न पाळणें हें अधिक प्रामाणिकपणाचें होय. आपलें व्रत आपण आनंदानें पाळावें; परंतु ज्याला तें समजत नाहीं आणि सोसतहि नाहीं, त्याच्या गळ्यांत तें बांधूं नये.

आतां औषधाविषयीं. कुत्र्याच्या शरीराची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. मांजराचीहि जवळजवळ तेवढीच. म्हणजे जो आंकडा पाहून आपण मुलाला शाळेंतून घरीं ठेवतों, तोच त्याच्या उत्तम प्रकृतीचा आंकडा आहे. हें ठाऊक नसल्यामुळें अंग गरम लागतांच घरांतील पॅरासिटामॉलची गोळी दुधांतून दिली जाते. मांजराच्या बाबतींत ही गोळी म्हणजे साक्षात् विष. तिचा निचरा करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फारच अल्प असते. रक्त प्राणवायु वाहून नेईनासें होतें, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड सुजतें. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी प्रौढ मांजराचा प्राण घेऊं शकते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिल्यास पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडांस इजा होते. जनावरा-जनावरांतहि असाच भेद आहे. कुत्र्याच्या गोचिडांवर लावावयाचें पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यास त्याला झटके येऊन तें दगावण्याचा संभव असतो.

सध्यां उन्हाळा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो. आपल्याला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या तळव्यांखेरीज जवळजवळ येतच नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निववण्याचा उपाय. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तोहि नीट साधत नाहीं, आणि हस्कीसारखीं थंड मुलखांतील दाट केंसांचीं कुत्रीं तर येथें केवळ आपल्या हौसेपायीं कष्ट सोसतात. फिरावयास नेणें तें सूर्योदयाच्या सुमारास किंवा जमीन निवल्यावर न्यावें. डांबरी रस्त्यावर आपला पालथा हात पांच-सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवला नाहीं, तर त्याच्या तळव्यांनाहि सोसवणार नाहीं. गच्चीवर कुत्रें बांधून ठेवूं नये. सकाळची सांवली दुपारीं तेथें राहत नाहीं. बंद मोटारींत तर क्षणभरहि सोडूं नये. बाहेर केवळ २४ अंश असतांहि दहा मिनिटांत आंतील हवा ३४ अंशांच्या आसपास जाते. मग आपल्या वैशाखांतील गोष्ट बोलावयासच नको.

ज्या शहरानें जायकवाडीच्या पाण्यासाठीं वर्षानुवर्षें दिवस मोजले, त्या शहरांतील गृहिणींना पाणी जपून वापरण्याविषयीं कोणी शिकविण्याची गरज नाहीं. परंतु त्या काटकसरींत जनावराचें भांडें येऊं देऊं नये. तें रोज दोन वेळां विसळून ताजें भरावें. सांठवणीच्या पिंपांवर आणि हौदांवर झांकण असावें. मांजराचीं पिल्लें त्यांत पडून बुडतात. कुत्रें एकाएकीं झोकांड्या देऊं लागलें, धाप थांबेना, लाळ घट्ट झाली किंवा ओकारी झाली, तर ऊन लागलें असें समजावें. तत्काळ सांवलींत न्यावें, अंगावर गार पाणी ओतावें, पंखा लावावा, थोडें थोडें पाणी पिऊं द्यावें. ओल्या टॉवेलांत गुंडाळून ठेवूं नये. त्यानें उष्णता कोंडते. प्रथम अंग निववावें आणि मग दवाखान्यांत न्यावें. हा क्रम उलट केल्यास वाटेंतच उशीर होतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तींत जनावराबरोबर माणसाचाहि जीव गुंतलेला आहे. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी सुरू कराव्या आणि सोळा आठवड्यांचें होईपर्यंत त्या पशुवैद्य सांगेल त्या अंतरानें पुऱ्या कराव्या. तोंवर त्याला रस्त्यावर सोडूं नये. रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो नांवाचा सांसर्गिक रोग अशाच पिल्लांना गांठतो. तीन महिन्यांचें झाल्यावर पिसाळण्यावरील, म्हणजे रेबीजची, लस द्यावी आणि पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती पुन्हां पुन्हां देत जावी. "आमचें कुत्रें बाहेर जातच नाहीं, मग लस कशाला?" हा प्रश्न नेहमीं ऐकूं येतो. दार एकदांच उघडें राहावें लागतें. मांजरालाहि हा रोग होतो आणि त्याच्या चाव्यानें माणसालाहि होतो, हें विसरूं नये.

कुत्रें चावलें किंवा त्याचा दांत नुसता घासला, तरी जखमेंत हळद, तिखट, चुना कांहींएक भरूं नये. वाहत्या पाण्याखालीं साबणानें ती जागा पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. हा साधा उपाय प्राण वांचविणारा आहे. नंतर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पूर्वींच्या पोटांतील चौदा सुयांची धास्ती वडील माणसांच्या मनांत अजून असते. ती लस भारतांतून हद्दपार होऊन वीसाहून अधिक वर्षें झालीं. आतां दंडांत द्यावयाच्या पांच सुया असतात: पहिल्या दिवशीं एक, आणि त्यानंतर ३, ७, १४ व २८ दिवसांनीं. हीच लस कातडींत देण्याची दुसरी पद्धतहि प्रचारांत आहे. जखमेंतून रक्त आलें असल्यास तिच्याभोंवतीं रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनहि टोंचावें लागतें. सरकारी रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. १८८५ च्या जुलैंत लुई पाश्चर यांनीं नऊ वर्षांच्या एका मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस टोंचून वांचविलें, तेव्हांपासून या रोगाला अडविण्याचा मार्ग माणसाच्या हातीं आहे. परंतु लक्षणें उमटल्यावर वैद्यकाचे हात आजहि जवळजवळ रिकामेच आहेत. म्हणून मुलांना असें सांगून ठेवावें, कीं कुत्रें चावल्यास रागावणार नाहीं, पण लपवूं नका. मार बसेल या भीतीनें मुलें चावा झांकून ठेवतात.

मुंबईस पशुवैद्यक शिकविणारें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. आपल्या मराठवाड्यांत परभणीस तें १९७२ सालीं झालें. शहरांत खडकेश्वर येथें शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि खाजगी पशुवैद्यहि ठिकठिकाणीं आहेत. तेव्हां औषधाच्या दुकानांत विचारून किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावरून उपचार करण्याचें आतां कारण नाहीं. पशुवैद्याचा दूरध्वनि क्रमांक आपल्या डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारींच लिहून ठेवावा, आणि लसींची वही घरांतील महत्त्वाच्या कागदांत असावी.

पुढील अंकीं पावसाळ्यांतील गोचीड, त्यांपासून येणारा ताप आणि कातडीचे विकार यांविषयीं लिहूं. तोंवर ज्या घरीं मांजर आहे, त्या घरच्या मंडळींनीं आज त्याच्या ताटलींत काय आहे, तें एकदां पाहावें.