कॅण्टरबरीचे आसन आणि पांगलेला कळप

लंडनच्या बिशप सेरा मलॅली यांची कॅण्टरबरीच्या १०६ व्या आर्चबिशप म्हणून निवड झाल्याचे ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाले. रोमहून आलेल्या ऑगस्टीन या संन्याशाने इसवी सन ५९७ मध्ये केंट प्रांतात पाऊल ठेवले, तेव्हापासूनच्या चौदाशे वर्षांहून अधिक काळात या आसनासाठी स्त्रीची निवड होण्याची ही पहिलीच वेळ. निवडीचे स्वागत होत असतानाच, दोन आठवड्यांच्या आत, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट मबांडा यांनी 'गॅफकॉन' या परंपरानिष्ठ अँग्लिकनांच्या संघटनेच्या वतीने एक निवेदन काढले. कॅण्टरबरीचे आर्चबिशप, लॅम्बेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार मंडळ आणि प्रांतप्रमुखांची बैठक या चारही व्यवस्था आपल्याला यापुढे मान्य नाहीत आणि खरा जागतिक अँग्लिकन समुदाय आता आपणच आहोत, असा त्याचा आशय होता. सुमारे साडेआठ कोटी अनुयायी, ४२ प्रांत आणि १६० हून अधिक देश असा पसारा असलेल्या या पंथात फूट पडणार का, हा प्रश्न दोन दशके चर्चेत होता. तो आता चर्चेपुरता राहिलेला नाही.

या संघर्षाला केवळ 'स्त्री की पुरुष' किंवा 'उदारमतवादी की सनातनी' अशा चौकटीत बसविणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मुळात हे आसन रिकामे झाले ते धर्मशास्त्राच्या वादातून नव्हे. मलॅली यांचे पूर्वसुरी जस्टिन वेल्बी यांना १२ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा द्यावा लागला, तो चर्चच्या आश्रयाने दशकानुदशके दडून राहिलेल्या एका गुन्ह्यामुळे.

जॉन स्माइथ हा नामांकित बॅरिस्टर. उच्चभ्रू शाळांतील मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांचा तो एक प्रमुख सूत्रधार होता. पापाचे प्रायश्चित्त या नावाखाली तो मुलांना रक्तबंबाळ होईपर्यंत छडीने मारीत असे. १९८२ मध्ये या प्रकाराची लेखी माहिती शिबिरांच्या कर्त्याधर्त्यांपर्यंत पोहोचली होती. पोलिसांत मात्र कोणी गेले नाही. १९८४ मध्ये स्माइथ झिम्बाब्वेला निघून गेला आणि तेथेही त्याने मुलांची शिबिरे सुरू केली. त्यांपैकी एका शिबिरात १९९२ च्या डिसेंबरात सोळा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेला स्माइथ २०१८ मध्ये, कोणत्याही न्यायालयासमोर उभा न राहता, मरण पावला. कीथ मेकिन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन खंडांत मिळून शंभराहून अधिक मुले व तरुण या छळाला बळी पडले. चर्चच्या वरिष्ठ वर्तुळाला २०१३ पासून याची कल्पना होती, वेल्बींनाही होती; तरीही पाठपुरावा झाला नाही. अहवालानंतर पाचव्या दिवशी वेल्बी पायउतार झाले.

या प्रकरणातील एक बाब विशेष बोचणारी आहे. इंग्लंडमधील काही सभ्य गृहस्थांनी 'कार्याची बदनामी नको' म्हणून मौन पाळले, आणि त्या मौनाची सर्वांत मोठी किंमत आफ्रिकेतील मुलांनी मोजली. आज आफ्रिकेतील बिशप इंग्लंडच्या चर्चला नैतिक अधिकार उरलेला नाही असे म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात प्रामुख्याने समलिंगी संबंधांचा प्रश्न असतो. पण त्या विधानाला बळ देणारा याहून भक्कम पुरावा स्माइथ प्रकरणाने पुरविला आहे.

वेल्बींचा राजीनामा आणि गॅफकॉनचे बंड या दोन घटनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. या चर्चमध्ये अंतिम अधिकार कोणाचा? १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपची सत्ता झुगारली आणि राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरला. आजही कॅण्टरबरीच्या आर्चबिशपची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजाच करतो आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशप पदसिद्ध सभासद म्हणून बसतात. साम्राज्य पसरले तसे हे चर्चही पसरले. वसाहती स्वतंत्र झाल्या तशी तेथील चर्चही स्वायत्त झाली. रोमन कॅथलिक पंथात पोपचा शब्द अखेरचा असतो. अँग्लिकन पंथात कॅण्टरबरीचा आर्चबिशप हा 'समानांमधील पहिला' एवढाच. त्याला अन्य प्रांतातील एका साध्या पाळकालाही पदावरून दूर करता येत नाही.

ही व्यवस्था अपघाताने तयार झालेली नाही. नाताळचे बिशप जॉन कोलेन्सो यांनी १८६० च्या दशकात बायबलमधील पहिल्या ग्रंथांच्या ऐतिहासिक सत्यतेवर शंका घेतली. केपटाऊनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत केले, तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती कारवाई बेकायदा ठरविली. अशा पेचांत निवाडा कोणी द्यायचा, या विवंचनेतून १८६७ मध्ये पहिली लॅम्बेथ परिषद भरली. ७६ बिशप जमले. तथापि आर्चबिशप लाँगली यांनी आधीच स्पष्ट केले होते, की ही परिषद विचारविनिमयासाठी आहे, बंधनकारक निर्णय देण्यासाठी नव्हे. यॉर्कच्या आर्चबिशपांनी तर येण्याचेच नाकारले. म्हणजे परिषदेवरचा बहिष्कारही परिषदेइतकाच जुना आहे.

परस्पर सौजन्यावर उभी असलेली ही रचना जवळपास शतकभर तग धरून राहिली, कारण तिची सूत्रे इंग्रजी शिक्षण आणि इंग्रजी संस्कार लाभलेल्या मंडळींच्या हाती होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनुयायांचा भूगोल पालटला. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत समलिंगी आचरण धर्मग्रंथाशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला, तेव्हा हा पालट आकड्यांत दिसला. तरीही २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूंना बिशपपदाचा अभिषेक झाला. ठराव बंधनकारक नव्हता, त्यामुळे तो मोडणाऱ्यावर कारवाई करण्याची सोयही नव्हती. २००८ मध्ये जेरुसलेम येथे गॅफकॉनचा पहिला मेळावा भरला आणि त्या वर्षीच्या लॅम्बेथ परिषदेला दोनशेहून अधिक बिशप फिरकले नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या धर्मसभेने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना अनुमती दिली. त्यांचे विवाह चर्चमध्ये लावण्यास परवानगी नव्हती, आजही नाही. तरीही दक्षिण गोलार्धातील अनेक प्रांतप्रमुखांनी वेल्बींना जागतिक नेते मानण्यास तेव्हाच नकार दिला. या प्रार्थना तयार करण्याच्या प्रक्रियेत मलॅली यांचा पुढाकार होता. त्यांच्याविषयीच्या रोषाचे एक कारण हे आहे.

आफ्रिकी बिशपांची भूमिका निव्वळ मागासलेपणा म्हणून झटकून टाकण्याची पाश्चात्त्य वृत्तपत्रांची सवय जुनी आहे. त्या भूमिकेमागचा इतिहास मात्र लक्षात घ्यावा लागतो. धर्मग्रंथातील शब्द प्रमाण, ही शिकवण आफ्रिकेत नेली ती इंग्रज मिशनऱ्यांनी. ती मनोभावे स्वीकारणाऱ्यांना आता त्याच मातृसंस्थेकडून सांगण्यात येते, की काळ बदलला आहे. बदलाचा निर्णय लंडनमध्ये होतो आणि त्याचे परिणाम ज्यांना आपल्या गावी निस्तरावे लागतात, त्यांना मत विचारले जात नाही, ही त्यांची तक्रार आहे. इंग्लंडमधील नियमित उपासकांची संख्या दहा लाखांच्या आसपास उरली आहे; एकट्या नायजेरियातील चर्च आपले अनुयायी दीड कोटींहून अधिक असल्याचे सांगते. संख्या एकीकडे आणि संपत्ती, विद्यापीठे व इतिहासाची प्रतिष्ठा दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. दुसऱ्या बाजूने, समलिंगी व्यक्तींविरुद्ध कठोर शिक्षेचे कायदे युगांडासारख्या देशात होतात आणि तेथील चर्चनेते त्यांचे समर्थन करतात, तेव्हा 'ग्रंथनिष्ठा' हा शब्द किती माणसांच्या जिवावर बेततो, हेही विचारावेच लागते.

शिवाय आफ्रिका एकसंध नाही. दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशपांनी मलॅली यांच्या निवडीचे स्वागत केले. २०१२ मध्येच स्वाझीलँडमध्ये स्त्री बिशप झाली, त्यानंतर दक्षिण सुदान आणि केनियातही झाल्या. इंग्लंडने मात्र स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास १९९४ पर्यंत आणि बिशप करण्यास २०१५ पर्यंत वेळ घेतला. पहिली अँग्लिकन स्त्री धर्मगुरू याच्या कितीतरी आधी, १९४४ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत चीनमध्ये दीक्षित झाली होती. फ्लॉरेन्स ली टिम-ओई हे तिचे नाव. सुधारणा नेहमी केंद्राकडून परिघाकडे जातात, हा समज या इतिहासाने खोटा ठरविला आहे.

या संदर्भात भारताचा अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही. व्ही. एस. अझरिया १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा वेगवेगळ्या परंपरांनी एकत्र येऊन हे ऐक्य घडविले. इंग्लंडमध्ये त्याला विरोध झाला. कवी टी. एस. एलियट यांनी दक्षिण भारतातील योजनेविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. भारतीय ख्रिस्ती समाज तरीही पुढे गेला, आणि कालांतराने हीच चर्च अँग्लिकन समुदायाची सन्माननीय सभासद झाली. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले. अर्थात भारतीय चर्चमध्ये सारे आलबेल आहे असे नव्हे. निवडणुका आणि मालमत्ता यांवरून होणारे कोर्टकज्जे इथे नवे नाहीत. पण मतभेद असताना एकत्र कसे यावे, याचा वस्तुपाठ भारताने दिला.

अधिकाराचा हाच प्रश्न मराठी मुलखातील एका विदुषीने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उपस्थित केला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचे त्यांच्यापुढे आले, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. पुरोहितशाहीचे एक जोखड उतरवून दुसरे मानेवर घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या, आणि आपल्या इंग्रज गुरुभगिनींना त्यांनी ते पत्रांतून निक्षून कळविले. ख्रिस्तावर श्रद्धा आणि बिशपांच्या हुकमाबद्दल संशय, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी सुखेनैव नांदत होत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचे कार्य त्यांनी उभारले, ते कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत न अडकता.

आता पुढे काय? डिसेंबर २०२४ मध्ये अँग्लिकन समुदायाच्या एका अभ्यासगटाने 'नैरोबी-कैरो प्रस्ताव' मांडले. कॅण्टरबरीशी 'ऐक्य' ही अट जाऊन 'ऐतिहासिक नाते' एवढेच राहावे, आणि जागतिक नेतृत्वाचा काही भार अन्य प्रांतप्रमुखांकडे आळीपाळीने जावा, असा त्यांचा रोख आहे. वसाहतकाळाचा वारसा उतरविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे. गॅफकॉनला तो अपुरा वाटतो, कारण तिला केवळ खुर्च्यांची फेरवाटणी नको आहे. सिद्धान्ताचा निवाडा करणारी आणि शिस्त लावणारी यंत्रणा हवी आहे. पण पोपविना पंथ हवा म्हणून घडलेल्या परंपरेत अशी यंत्रणा आणली, तर ती परंपरा तीच राहील काय, याचे उत्तर गॅफकॉननेही दिलेले नाही.

विसंगती अशी, की विकेंद्रित अधिकार हा मतभेद सामावून घेण्यासाठी चर्चचा गुण ठरला, तोच गुन्हा दडविण्यासाठी आडोसा झाला. स्माइथचे काय करायचे ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधी ठरलेच नाही. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी पाहील. बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०२० मध्येच नोंदविले होते, की १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत इंग्लंडच्या चर्चमधील ३९० धर्मगुरू व विश्वासाच्या पदांवरील व्यक्ती लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरल्या. असे असूनही फेब्रुवारी २०२५ मध्ये बालसुरक्षेचे काम तातडीने पूर्णपणे स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्याचा पर्याय धर्मसभेने टाळला आणि टप्प्याटप्प्याचा मार्ग पत्करला. पीडितांच्या दृष्टीने ती आणखी एक दिरंगाई होती.

मलॅली धर्मकार्यात येण्यापूर्वी परिचारिका होत्या, आणि १९९९ ते २००४ या काळात इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या. जखम झाकण्याआधी ती स्वच्छ करावी लागते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. नायजेरिया किंवा रवांडा यांना कॅण्टरबरीकडे परत वळविणे त्यांच्या हातात नाही. तो अधिकार त्या आसनाला कधीच नव्हता. तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचे म्हणणे चर्चच्या प्रतिष्ठेआधी ऐकून घेतले जाईल, अशी व्यवस्था इंग्लंडमध्ये उभी करणे मात्र त्यांच्या आवाक्यातले आहे. मेंढपाळाची ओळख त्याच्या हातातील दंडावरून नव्हे, तर हरवलेल्या मेंढराचा शोध तो घेतो की नाही यावरून होते, असे ख्रिस्ती धर्म सांगत आला आहे. कॅण्टरबरीचा शब्द जगात कितपत चालेल, हे पुढच्या काही वर्षांत या एकाच कसोटीवर ठरण्याची शक्यता अधिक आहे.