आम्हाला 'शोधणारे' तुम्ही कोण?

दरवर्षी मुंबईत 'नवोदित' कलावंतांच्या याद्या निघतात. लक्ष ठेवावे असे दहा चित्रकार, शहराचा नवा आवाज, उद्याचे डिझायनर. याद्या करणारे कोण? इंग्रजी पुरवण्यांचे संपादक, गॅलऱ्यांचे मालक, महोत्सवांचे क्युरेटर, ब्रँडचे सल्लागार. अलीकडे या याद्यांत वस्तीतल्या एखाद्या पोराचे नाव असते. मग आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अभिनंदनाचा पाऊस पडतो : 'आपल्या पोराला शेवटी शोधलं!'

मला या 'शेवटी'चा राग येतो आणि 'शोधलं'चा त्याहून जास्त. शोध हरवलेल्या वस्तूचा घेतात. आपला कलावंत हरवला कधी होता? तो जयंतीला गात होता, विहाराची भिंत रंगवत होता, मोर्चाच्या आदल्या रात्री फलक लिहीत होता. वस्तीतले शेंबडे पोरसुद्धा त्याला नावाने ओळखत होते. तो दिसत नव्हता फक्त त्यांना, ज्यांनी आपल्याकडे पाठ करून घरे बांधली.

मुंबईचा कलेचा नकाशा पाहा. १८५७ साली सुरू झालेले जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी, १९९९पासून भरणारा काळा घोडा महोत्सव, सगळे दक्षिण मुंबईच्या दोन-तीन किलोमीटरांत. यातल्या दोन ठिकाणी तिकीटही लागत नाही. पण दार उघडे असणे आणि आत आपले नाव भिंतीवर असणे यात जे अंतर आहे, त्याचे नाव जात आहे.

आता दुसरा नकाशा पाहा. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून अण्णाभाऊ साठे यांनी लिहिले. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये बाबुराव बागूल राहिले. कामाठीपुऱ्याच्या परिसरातून नामदेव ढसाळ आले. आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जे भरते, ते या शहरातले सर्वांत मोठे कलादालन आहे : मूर्तिकार, पोस्टर रंगवणारे, कॅलेंडर छापणारे, गायनपार्ट्या, शेकडो पुस्तकांचे स्टॉल. तिथे लाखो माणसे स्वतःच्या घामाच्या पैशाने कला विकत घेतात. त्या दिवशी यादी करणारे कुठे असतात? दादरच्या वाहतूक कोंडीवर तक्रार करत असतात.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला आहे. विक्रांत भिसे, प्रभाकर कांबळे यांच्यासारखे आंबेडकरी चित्रकार गॅलऱ्यांत पोहोचले आहेत. खरे आहे, आणि ते स्वतःच्या ताकदीवर पोहोचले आहेत. पण दोन माणसे आत गेली म्हणून दारावरचा पहारेकरी बदलत नाही. कोणते चित्र 'राजकीय' आणि कोणते 'शुद्ध', कोणते गाणे 'प्रचारकी' आणि कोणते 'प्रयोगशील', हे ठरवणारा अजून तोच आहे.

आणि 'शोध' लागल्याने काय मिळते? शाहीर विलास घोगरे यांचा आवाज 'हमारा शहर' या १९८५च्या माहितीपटात देशाने ऐकला. ११ जुलै १९९७ला रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी घोगरेंनी आत्महत्या केली. बारा वर्षांपासून या शहराला तो आवाज ठाऊक होता. टाळ्या वाजवणाऱ्यांतले किती जण त्या जुलैत वस्तीत आले? आवाज आवडणे आणि आवाजामागच्या माणसांच्या बाजूने उभे राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला बाजारात भाव आहे, दुसरीची किंमत मोजावी लागते.

'कोर्ट' हा २०१४चा सिनेमा घ्या. शाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार समीक्षकांना एकदम 'सापडले'. नागपुरात 'विद्रोही'चे संपादन करत, चळवळीत झिजत त्यांनी आयुष्य घालवले होते. सिनेमा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद त्या नजरेशी आहे, जिला कार्यकर्ता पडद्यावर आला तेव्हाच दिसला.

डिझाईनच्या जगात तर वस्तू उचलतात आणि हात तिथेच सोडतात. जून २०२५मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कबुली दिली. पण आपल्याकडची ओरड आठवा. 'महाराष्ट्राचा अपमान', 'मराठी अस्मिता'! चप्पल कमावणारा ढोर आणि शिवणारा चर्मकार त्या अस्मितेत किती वेळा उच्चारला गेला? चोर परदेशी आणि मालकी 'मराठी माणसाची', मग कारागीर कुठे गेला? उलट धारावीत सुधीर राजभर यांनी चामड्याच्या कारागिरांना सोबत घेऊन जो स्टुडिओ उभा केला, त्याचे नावच 'चमार' ठेवले. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यांनी पिशवीवर छापला, आणि ते नाव २०२४मध्ये मायामीच्या डिझाईन प्रदर्शनापर्यंत गेले. हात लपवून वस्तू विकायची, या धंद्याच्या रीतीलाच तो नकार आहे. त्याच धारावीत आज एकीकडे 'टॅलेंट' शोधणारे फिरतात आणि दुसरीकडे पुनर्विकासासाठी घरे मोजणारे. ज्याचे घरच यादीतून वगळले जाईल, त्याचे नाव कलावंतांच्या यादीत घालून काय उपयोग?

'कलेला जात नसते' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो : कलेला नसेल, पण मानधनाला असते, ओळखीपाळखीला असते, भाड्याच्या हॉलला असते. पदवीनंतर दोन वर्षे बिनकमाईची काढून 'स्वतःचा सूर शोधण्याची' ऐपत घरातून येते. ज्या पोराला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे द्यायचे आहेत, तो 'नवोदित' होण्याआधीच फ्लेक्सच्या दुकानात लागतो. इंटरनेटने हे संपवले, असेही नाही. कडुबाई खरात यांना लोकांनीच मोबाईलवरून घराघरांत नेले. ती आपल्या लोकांची ताकद. पण व्हिडिओ ज्याच्या चॅनलवर, जाहिरातीचा पैसा त्याच्या खात्यात, हा त्या यंत्राचा नियम आहे. गाणारीच्या खात्यात काय येते, हे आपण कधी विचारले?

इथे बोट स्वतःकडे वळवतो. प्रस्थापितांना शिव्या घालून आपण सुटत नाही. आपल्या किती जयंत्यांच्या हिशोबात डीजेचे भाडे हजारांत आणि शाहिराचे मानधन 'समाजासाठी एवढं करा दादा' असे असते? पुढाऱ्याचा फोटो पाच फुटांचा, आणि ज्याने तो बॅनर रचला त्याचे नाव कोपऱ्यातही नाही. वामनदादा कर्डकांची गाणी आपण रात्रभर वाजवतो, पण किती स्टेजवर निवेदक गीतकाराचे नाव घेतो? आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत पोहोचवला. त्या परंपरेच्या वारसांना फुकट राबवणे ही वेठबिगारी आहे, मग ती निळ्या झेंड्याखाली झाली तरी.

चेन्नईकडे पाहा. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले 'गाना' संगीत मयताला वाजते म्हणून हिणवले जायचे. पा. रंजित यांनी कोणाच्या दारात अर्ज केला नाही. 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि जानेवारी २०१८मध्ये हजारोंसमोर गायला. डिसेंबर २०२०पासून, ब्राह्मणी सभांचा कर्नाटक संगीताचा हंगाम असतो त्याच मार्गळी महिन्यात, त्यांच्या 'नीलम'ने लोकसंगीताचा स्वतःचा महोत्सव सुरू केला. मंच आपला, निवड आपली, नावे आपली.

मुंबईत हे का होऊ नये? पैसा नाही, हे कारण देऊ नका. १४ एप्रिलची वर्गणी या शहरात गल्लीगल्लीत जमते. तिचा दहावा हिस्सा कलावंतांसाठी वेगळा काढा. तेवढ्यातून चार गोष्टी करता येतील.

एक : मानधन आधी ठरवा, लिहून द्या, कार्यक्रमाच्या रात्रीच चुकते करा.

दोन : गीतकार, संगीतकार, चित्रकार, बॅनर रचणारा, प्रत्येकाचे नाव स्टेजवर, फलकावर आणि व्हिडिओखाली.

तीन : समाजमंदिर आणि विहाराची भिंत वर्षातून एक महिना वस्तीतल्या चित्रकारांना द्या. पहिले प्रेक्षक शेजारीच असतील.

चार : म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या ट्रंकेत सडण्याआधी त्यांचे फोटो काढा आणि हक्कांची कागदपत्रे करा. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादा २००४ला गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा कॉपीराइट २०६४पर्यंत जिवंत आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला करारात लिहून घेऊनही हडपता येत नाही. हे किती गायनपार्ट्यांना माहीत आहे? वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनो, हे काम तुमचे आहे.

बाहेरच्यांशी संबंधच नको, असे मी म्हणत नाही. 'गोलपीठा'ला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा ते ढसाळांसोबत त्या वस्तीत फिरले आणि न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनाच विचारले. असे विचारत येणाऱ्याचे स्वागत आहे. तो पाहुणा. पण घर आपले आहे, हे आधी आपल्याला पटले पाहिजे.

येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत डीजेचा विषय निघण्याआधी हात वर करा आणि विचारा : आपल्या वस्तीत गाणारे, रंगवणारे, शिवणारे कोण कोण आहेत, आणि या वर्षी आपण त्यांना किती देणार? ती यादी तुम्ही करा. त्यांच्या यादीची वाट पाहू नका.

जयभीम!