जातीचा रकाना आणि निंदणीचे खुरपे

सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. कारागृहात जात पाहून कामे वाटणे घटनाबाह्य ठरले आणि कच्च्या-पक्क्या कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकावा असा आदेश झाला. उशिरा का होईना, झाले ते उत्तम झाले. आमची तक्रार निकालाबद्दल मुळीच नाही, तो वाचणाऱ्या कारकुनी डोक्याबद्दल आहे.

आमचे एक जुने वर्गणीदार मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात निजामकालीन कच्च्या कैद्यांची नोंदवही पाहायला गेले. रीतसर अर्ज, पोच, सगळे बरोबर. उत्तर मिळाले की त्या वहीत जातीचा रकाना आहे, आता तो बेकायदा झाला आहे, त्यामुळे वही दाखवता येणार नाही. मग पुढे तिचे काय होणार? ‘निर्लेखनाच्या यादीत घेऊ.’ आदेश आहे तो उद्या छापायच्या नमुन्याला. शंभर वर्षांपूर्वी बोरूने लिहून ठेवलेल्या पानाला तो लावायचा, हे ज्याला सुचले त्याचा सत्कार करावा की चौकशी, हे आम्हाला ठरवता आलेले नाही.

गंमत अशी की याच रकान्यासाठी 2023 साली याच वह्यांवरची धूळ झटकली गेली होती. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधण्यासाठी जे अभिलेख तपासायला सांगितले, त्यांत खासरा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींबरोबर कारागृहातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवहीही होती. तेव्हा वर्षानुवर्षे न सापडणाऱ्या किल्ल्या सापडल्या, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना चहा मिळाला. एका ऑक्टोबरात जात सापडावी म्हणून वही शोधायची आणि जात सापडते म्हणून पुढे तीच वही रद्दीत काढायची!

निंदणीकरण हा शब्द शासनाने शेतातून उचलला. वसमतकडे हळदीच्या वाफ्यात बसलेल्या बाईला तण कुठले आणि हळद कुठली हे सांगावे लागत नाही. कचेरीतल्या खुरप्याला मात्र डोळे नाहीत. अ, ब, क, ड वर्गवारी करताना ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे एवढे पाठ असते. पण उर्दूतली कैद्यांची वही कोणत्या वर्गात घालायची, हे ती वाचता न येणाराच ठरवतो. वाचता येत नाही म्हणून ‘क’, आणि ‘क’ म्हणून नाश. स्वच्छता मोहिमेचा अहवाल वर पाठवायची तारीख जवळ आली की हा हिशेब आणखी सोपा होतो.

तुरुंग विभागाकडे दाद मागावी, तर दुय्यम कारागृहाचा अधीक्षक म्हणजे तहसीलदार, तेव्हा कागद महसुलाचे. महसूल म्हणतो, विषय गृहाचा. पुराभिलेख संचालनालय म्हणते, आमच्याकडे वर्गच झालेले नाहीत. हिंगोलीचे दुखणे तर याहून गुंतागुंतीचे. 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, पुढे 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्हा. काही बाडे हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात, काही छत्रपती संभाजीनगरला, काही परभणीला आणि उरलेली कुठे ते कोणीच लिहून ठेवलेले नाही. 1938-39 मध्ये स्टेट काँग्रेस आणि आर्य समाजाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माणसांची नातवंडे आजही आम्हाला विचारतात की आजोबांची नोंद कुठे मिळेल. आम्ही त्यांना चार पत्ते देतो आणि मनातून ओशाळतो.

याउलट ठगांचे पाहा. फिलिप मेडोज टेलरने 1839 च्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोली छावणीतल्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. बाजारात प्रतिष्ठित, सरकारी परवाना घेऊन माल आणणारा, आणि त्या मालाच्या धन्याला वाटेत मारून आलेला. ठगांच्या जबान्या कंपनी सरकारने जपल्या, त्यांच्यावर आजही पुस्तके निघतात. तुरुंगात झाडू कोणाच्या हाती दिला आणि स्वयंपाक कोणाला करू दिला, हे सांगणारी वही मात्र आमच्याच हातून निघाली आहे. जातीची नोंद आणि कामवाटपाची वही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तो अन्याय सिद्ध कसा करणार? न्यायालयाने रकाना काढायला सांगितला, त्यामागेही जुनी तुरुंग नियमावली उघडून केलेले वाचनच आहे.

आता थोडे घरचे. 2023 मध्ये आपल्यापैकी अनेकजण वाचक म्हणून त्या खोल्यांत बसले होते. नाव आणि जात एवढे दोन रकाने वाचले, हवी ती ओळ मोबाइलवर टिपली आणि वही मिटली. गुन्हा, शिक्षा, मुचलका, सुटकेची तारीख, मृत्यूची नोंद, सगळे डोळ्यांसमोर असताना एकानेही वहीची साधी हस्तसूची केली नाही. मानधनाच्या दिरंगाईवर मात्र आमच्याकडे भरपूर पत्रे आली. शिवाय टिपल्या त्या तारखांतही गोंधळ. फसली सनात 590 मिळवायचे, आजुर महिना ऑक्टोबरात सुरू होतो, हे पहिल्या वर्गाचे शिक्षण. तरी फसलीला हिजरी समजून केलेली दोन टिपणे या महिन्यात परत पाठवावी लागली.

अर्ज-विनंत्या आम्ही करतोच आहोत. नव्या नमुन्यातून रकाना काढा, जुन्या वहीला हात लावू नका आणि पुराभिलेखच्या माणसाने पाहिल्याशिवाय एकही बाड निर्लेखनात धरू नका, असे लेखी पत्रक शासनाने काढावे. ते निघेपर्यंत वाट पाहत बसू नका. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा, पाचही ठिकाणी आपले वाचक आहेत. येत्या पंधरवड्यात प्रत्येकाने आपल्या तहसिलीत जावे. वहीचे नाव, लिपी, पहिल्या आणि शेवटच्या पानावरचा सन, पानांची संख्या, वाळवी लागली आहे का, एवढे पोस्टकार्डावर मावते. मोडी-उर्दू येत नसेल त्याने नुसती पाने मोजावीत. आणि कुलपाची किल्ली कोणाकडे असते, तेही लिहून पाठवावे.