भातलावणीचे अंतर : एकच पट्टी सर्वत्र नको

तंजावूरच्या राजवाड्यात येणारा मराठी प्रवासी सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो, मोडी कागदांविषयी कुतूहलाने विचारतो आणि परततो. १८५५ पर्यंत येथे नांदलेल्या भोसले राजवटीचा डोलारा मात्र राजवाड्याबाहेरच्या भातखाचरांवर उभा होता. तीही पाहण्याजोगी आहेत, आणि लावणीच्या अंतराविषयी सध्या महाराष्ट्रात जे सरधोपट बोलले जाते त्याची पारख करण्यास या कावेरीकाठाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

मादागास्करमध्ये १९८०च्या दशकात आकारास आलेली ‘श्री’ पद्धत तमिळनाडू कृषी विद्यापीठाने २००० च्या सुमारास तपासावयास घेतली. ८ ते १४ दिवसांचे एकेक रोप, २५ × २५ सेंमी अंतर, आलटून पालटून ओल आणि कोनोवीडर ही तिची ओळख. त्यांपैकी अंतर तेवढे लक्षात राहिले, बाकीचे गळाले. अंतराचे गणित साधे आहे. २० × १५ सेंमीवर चौरस मीटरला ३३ चूड बसतात, २५ × २५ सेंमीवर १६. सव्वातीनशे लोंब्या मिळवायच्या तर पहिल्या शेतात चुडाला १० पुरतात, दुसऱ्यात २० लागतात. इतके लोंबीधारक फुटवे येण्यास कोवळे रोप हवे, तणमुक्त व खेळती हवा असलेली जमीन हवी आणि दिवसही हवेत.

येथे हंगामाचा प्रश्न येतो. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सुटते आणि त्यावर सुमारे ११० दिवसांचे कुरुवै पीक उभे राहते. एवढ्या अल्प मुदतीच्या वाणाला फुटव्यांसाठी थोडेच दिवस मिळतात. त्याची लावणी जवळच हवी. दीर्घ मुदतीच्या सांबा पिकाला अंतर मानवते. कुरुवैनंतरच्या ताळडी पिकाची लावणी तर ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. निचरा नसलेल्या खाचरात १० दिवसांचे रोप त्या पाण्याखाली टिकत नाही. तेथे थोराड रोप लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘जुन्या मताचा’ म्हणणे अन्यायाचे होईल. कोकणातल्या सखल पाणथळ शेताचीही हीच कथा आहे.

कीटकशास्त्राच्या बाजूने अंतराचे मोल निराळे आहे. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगतच्या दमट सावलीत वाढतात. दाट लावणी आणि वरून युरियाची मात्रा म्हणजे त्यांना आवतणच. म्हणून दर अडीच मीटरवर ३० सेंमीचा पट्टा मोकळा ठेवण्याची शिफारस आहे. जमीन वाया जाते, ही तक्रार नेहमीची. पण ओळींत २० सेंमी अंतर असतेच. वाढते ते १० सेंमी, म्हणजे क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी. शिवाय पट्ट्यालगतच्या ओळींना उजेड अधिक मिळतो. याच वाटेने आत शिरून बुंध्याची पाहणी करता येते आणि फवारणी करावीच लागली तर औषध बुंध्यापर्यंत पोहोचते. कोळी नसताना फुटव्यामागे १ तुडतुडा ही आर्थिक नुकसानीची पातळी. चुडात १ कोळी असला तर ती २ वर जाते. वरवर पाहून सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारणारा आधी कोळ्यांचा बळी देतो आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. विरळ शेतात पहिल्या पंधरवड्यात खोडकिडीने एक फुटवा गेला तरी ते रोप भरून काढते, संपूर्ण रोपच गेले तर मात्र मोठे खिंडार पडते. एका रोपाच्या लावणीत रोपवाटिकेचे रक्षण म्हणूनच दुप्पट महत्त्वाचे.

मला स्वतःला डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री अधिक व्यवहार्य वाटते. १५ व २५ सेंमी आलटून पालटून घेतल्याने चौरस मीटरला २५ चूड बसतात, आणि दर चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट खोल रोवली की हेक्टरी सुमारे १७० किलोत काम होते. पाने अवाजवी हिरवीगार होत नाहीत, हा कीटकशास्त्रज्ञाचा लाभ. अडचण आहे ती लावणीच्या मजुरीची. एकरावर ठरलेल्या मजुरीत लावणाऱ्या बाया दोरी धरून वेळ का घालवतील? तेव्हा दोरीचा मोबदला वेगळा ठरवावा.

प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत आपण ‘अंतर २५ × २५’ लिहून मोकळे होतो. त्याशेजारी रोपाचे वय, कापणीपूर्वी चौरस मीटरमधील लोंब्या आणि बुंध्याशी मोजलेले तुडतुडे व कोळी हे चार रकाने या खरिपापासून आखावेत. मोजणी शेताच्या मधोमध करावी, बांधालगत नको. बांधालगतचे पीक नेहमीच चांगले दिसते.